बोलत बोलत चालता येईल इतकी सोपी

माझ्या मावशीने चौतीस वर्षं बसस्थानकावर ध्वनिक्षेपकातून गाड्यांच्या घोषणा केल्या. फलाट पाचवरून सुटणाऱ्या सात नंबरच्या गाडीला अकरा थांबे होते, आणि ते अकराही ती एका दमात म्हणायची. जुना पूल, दवाखाना, शाळा, कापड गिरणी, बाजार, न्यायालय, पाण्याची टाकी, साबण कारखाना, वखार, रेल्वे फाटक, राष्ट्रीय उद्यान. मध्ये कुठे श्वास नाही. शेवटचा 'न' जरासा लांबवून ती माइकचा खटका बंद करायची. स्थानकावरचे हमाल म्हणायचे, बाईंना माइकची गरज नाही, माइकलाच बाईंची गरज आहे.

राष्ट्रीय उद्यान हे नाव तिने दिवसातून चौदा वेळा घेतलं, पण तिथे कधी गेली नव्हती. सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, तिथे नोकरीला असूनही नाही. "तो येतोच की दर रविवारी जेवायला," ती म्हणायची. "त्याला बघायला इतक्या लांब कशाला जायचं?" निवृत्त झाल्यावर मात्र दुसऱ्याच सोमवारी ती सात नंबरच्या गाडीत खिडकीशी बसली आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. म्हणाली, "बघावं तरी, इतकी वर्षं लोकांना मी कुठे पाठवत होते."

तिथे तिला तळं भेटलं.

तळं तसं काही मोठं नाही. एका बाजूला कमळाची पानं, एका बाजूला उंच गवत, मधोमध एक आडवं पडलेलं खोड आणि त्यावर ऊन खात बसलेली कासवं. भोवताली पायवाट आहे, दीड किलोमीटरहून थोडी जास्त. दुपारी तीनच्या सुमाराला पाण्यावरचं ऊन पिकल्यासारखं होतं आणि चतुर हवेतल्या हवेत थांबून राहतात. मावशी त्या वेळी पोचते, पिशवीतली संत्री पहिल्या बाकावर सोलते, एक फेरी मारते आणि साडेचारच्या गाडीने परत येते. नऊ वर्षं तिचा हा क्रम आहे. घरी तिचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, आहे, सून आहे, भिंतीवर पाच मिनिटं पुढे लावलेलं घड्याळ आहे आणि सकाळी सहापासून सुरू होणाऱ्या घोषणा आहेत. "पाणी तापलेलं आहे. दादाने ताबडतोब न्हाणीघराकडे यावं. वहिनींचा चहा टेबलावर उभा आहे." दुपारचा तेवढा वेळ घर जरा टेकतं आणि मावशीही टेकते. कोण कोणापासून सुटका करून घेतं, हे आमच्याकडे अजून ठरलेलं नाही.

मामाचं काम वाटा मोजण्याचं. उद्यानात नऊ वाटा आहेत आणि प्रत्येकीच्या तोंडाशी एक पाटी आहे. लांबी किती, वेळ किती, आणि खाली एक शब्द: सोपी, मध्यम किंवा अवघड. लोकांना वाटतं असे शब्द पाटीवर आपोआप उगवतात. ते मामा लिहितो. त्याच्याकडे लांब दांड्याचं एक चाक आहे. ते ढकलत चाललं की दर मीटरला 'टक' असा आवाज होतो. गळ्यात सेकंदाचं घड्याळ असतं. मामा इतका सरळ माणूस आहे की एकदा चाक किलोमीटरमागे अर्धा मीटर कमी दाखवतं असं त्याच्याच लक्षात आलं, तर त्याने स्वतःविरुद्ध अर्ज लिहून नऊच्या नऊ वाटा पुन्हा मोजल्या. साहेबांनी विचारलं, "अर्ध्या मीटरने कोणाचं काय बिघडतंय?" मामा म्हणाला, "जो शेवटच्या अर्ध्या मीटरवर दमतो त्याचं."

सोपी कशाला म्हणायचं, हे त्याच्या पत्रकात लिहिलेलं आहे. साठीच्या पुढची एक सर्वसाधारण व्यक्ती ती वाट तासाच्या आत, असलेल्या बाकांवरच बसत आणि 'मोजणीदाराशी सहज संभाषण करत' चालू शकली पाहिजे. ठरलेल्या तीन जागी मोजणीदाराने छापील प्रश्न विचारायचे. तिसरा प्रश्न सर्वांत मोठ्या चढावर. त्याचं पूर्ण वाक्यात उत्तर आलं नाही तर वाट मध्यम. मामा हे थोडक्यात सांगतो: "बोलत बोलत संपते ती सोपी. गप्प करते ती मध्यम. शिव्या द्यायला लावते ती अवघड."

आता साठीच्या पुढची आणि चालताना बोलणारी बाई शोधायला मामाला घराबाहेर जायची गरज नव्हती. पाच वर्षांपूर्वीच्या मोजणीत मावशी तळ्याभोवती चालली. बेचाळीस मिनिटं चालली आणि बेचाळीस मिनिटं बोलली. मामाने पाटीवर '४५ मिनिटे, सोपी' लिहिलं. वरची तीन मिनिटं त्याने ज्यांना ताईइतकं बोलता येत नाही अशा माणसांसाठी सोडली होती. तेव्हापासून फाटकावरचा पहारेकरी तिला 'मापाच्या मावशी' म्हणतो आणि तिकीट मागत नाही.

यंदा पुन्हा मोजणी आली. नियम असा की शक्यतो तीच व्यक्ती हवी, म्हणजे तुलना करता येते. आणि नेमकी यंदाच मावशी मामाशी बोलत नव्हती.

झालं होतं ते असं. तळ्याच्या पलीकडच्या टोकाला, पाणी अडवायच्या दाराशी, वाट एकदम वर चढते. पन्नास-साठ पावलांचा चढ, त्याहून जास्त नाही. तीन आठवड्यांपूर्वी त्या चढावर मावशीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती सरळ मातीत बसली. मामा कुठल्याशा पाटीचा खांब तपासून त्याच वाटेने येत होता. त्याने तिला पाणी पाजलं, वारा घातला. शुद्धीवर येताच तिचं पहिलं वाक्य होतं, "दादाला सांगशील तर याद राख." मामाने शपथ घेतली. दोन दिवस त्याने ती पाळली. तिसऱ्या दिवशी तो दादाकडे गेला आणि वेळ, जागा, चढाची उंची यांसकट सगळं सांगून मोकळा झाला.

दादाने उद्यानाचा नकाशा आणून फ्रिजवर चिकटवला आणि फर्मान काढलं. आई एकटी जाईल ती फक्त सोप्या वाटेवर. उद्या तळ्याची वाट मध्यम ठरली, तर आई एकटी तिकडे जाणार नाही. सोबत म्हणून तो शनिवारी येईल, जमलं तर.

"जमलं तर," मावशी मला म्हणाली. "माझ्या तळ्याला आता आठवड्यातून एकदा, जमलं तर. आणि हे कोणामुळे? ज्याला मी चालायला शिकवलं त्याच्यामुळे. बोट धरून शिकवलं गं! आता तोच माझं चालणं मोजणार."

मावशीच्या अबोल्याबद्दल थोडं सांगायला हवं. अबोला म्हणजे मौन नव्हे. अबोल्यात ती नेहमीपेक्षा जास्त बोलते, फक्त ज्याच्याशी भांडण आहे त्याला वगळून. काकांशी, म्हणजे तिच्या नवऱ्याशी, तिचा एकदा अकरा दिवस अबोला होता. त्या काळात शेजाऱ्यांना त्यांच्या घरातलं जितकं कळलं तितकं पुढे कधी कळलं नाही.

"ताई, मोजणीला येणार आहेस ना?" मामाने रविवारी विचारलं.

मावशी माझ्याकडे वळली. "मोजणीवाल्या साहेबांना सांग, येणार आहे. माझ्या तळ्याची वेळ दुसऱ्या कुठल्या बाईच्या पायांनी ठरलेली मला चालणार नाही."

"पण उत्तरं मला द्यावी लागतील. पत्रकात तसं आहे."

"त्यांना सांग, ते बघू."

पत्रकावर सही करायला उद्यानाबाहेरचा एक साक्षीदार लागतो. म्हणून मी गेले.

बुधवारी तीनला आम्ही पाटीपाशी उभे राहिलो. मामाने इस्त्रीचा गणवेश घातला होता. मावशीने मोजणीसाठी ठेवलेले पांढरे बूट घातले होते, पिशवीत संत्री होती, आणि तोंड तळ्याकडे होतं. पहारेकरी मुद्दाम फाटक सोडून बघायला आला.

"मापाच्या मावशी, यंदा चाळीस मिनिटांत का?"

"तुझ्या साहेबांना विचार. त्यांना सगळं सांगायची फार हौस आहे."

मामाने घसा साफ केला आणि पत्रकातून वाचलं, "पहिला प्रश्न. आज आपल्याला बरं वाटतं आहे का?"

सख्ख्या बहिणीला 'आपण' म्हणताना त्याचे कान लाल झाले. मावशी मला म्हणाली, "त्यांना सांग, तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत फारच बरं वाटत होतं."

"उत्तर साक्षीदाराला दिलेलं आहे," मामा म्हणाला. "धरता येत नाही."

"त्यांना सांग, धरू नका. सोडा. सोडायची सवय आहेच, शपथही सोडली."

पहारेकऱ्याने तोंडावर टोपी धरली. मामाने पत्रकात एक रेघ मारली आणि चाक पुढे ढकललं. टक. टक. टक.

पहिली पंधरा मिनिटं मावशी माझ्याशी बोलली. सुनेने पडदे बदलले ते सांगितलं, जुन्या स्थानकावर आता घोषणा यंत्र करतं ते सांगितलं. "त्या यंत्राला 'वखार' म्हणता येत नाही. 'वखर' म्हणतं. माणसं उतरायची राहतात." पहिल्या बाकावर बसून तिने संत्री सोलली आणि माझ्या हातावर दोन फोडी जास्त ठेवल्या. मग मला म्हणाली, "हे घे, आणि यातल्या दोन फोडी त्या उभ्या असलेल्यांना दे." मामाने त्या फोडी घेतल्या आणि घड्याळ चालू असताना खाव्यात की नाही अशा विचारात तशाच हातात धरून ठेवल्या.

गवताच्या कडेला एक खंड्या बसला होता. तो पाण्यात पडला आणि उठला, इतक्या झटपट की नुसती निळी रेघ दिसली. एक कॅमेरेवाले गृहस्थ समोरून आले आणि मामाचा गणवेश बघून म्हणाले, "इथे बघण्यासारखं काय आहे हो?"

"तळं," मामा म्हणाला.

"ते दिसतंय. आणखी?"

"घाई नसेल तर बरंच आहे," मावशी म्हणाली. गृहस्थ घाईने निघून गेले.

अर्ध्या वाटेवर, खोडासमोर, दुसरा प्रश्न होता. "समोर आपल्याला काय दिसतं?"

मावशीने कासवांकडे हात केला. माझ्याकडे बघून म्हणाली, "कासवं."

"एकच शब्द आहे," मामा हळूच म्हणाला. "आणि तोही..."

"तोही मला," मी म्हटलं.

त्यानंतर मावशी बोलली नाही.

मी आधी लक्ष दिलं नाही. चाक टक टक करत होतं, ऊन पाण्यावर सरकत होतं. दुसऱ्या बाकावर ती नेमकी मोजून दोन मिनिटं बसली, उठली आणि चालू लागली. मी पडद्यांबद्दल विचारलं, तिने मान हलवली. सुनेबद्दल विचारलं, तिने हात हलवला. सुनेबद्दल विचारूनही फक्त हात! तिचं भांडण मामाशी होतं, माझ्याशी नव्हतं. अबोल्यात ती माझ्याशी दुप्पट बोलायला हवी होती.

मी तिच्याकडे नीट पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले होते, नाकपुड्या फुलत होत्या आणि पिशवीचे बंद दोन्ही हातांनी धरलेले होते. राग तसाच दिसतो. दमही तसाच दिसतो. पाण्याच्या दाराशी पोचेपर्यंत मला कळलं होतं की ती अबोला छत्रीसारखा डोक्यावर धरून चालली आहे. उत्तर आलं नाही तर लोकांनी म्हणावं, बाई हट्टी आहे. बाई दमली, असं कोणी म्हणू नये. पण त्या हट्टाने वाट मध्यम होणार होती, आणि हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तरी ती पांढरे बूट एकामागे एक टाकत चढाला लागली.

मामाचं चाक तिच्या अर्धा पाऊल मागे होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तो चाकाच्या आवाजाकडे कान देऊन असतो तसा तिच्या श्वासाकडे कान देऊन होता. पंधरा पावलं झाली. वीस झाली. प्रश्नाची खूण, पांढऱ्या रंगाचा दगड, अजून बराच वर होती.

आणि मामा थांबला. "एक मिनिट," तो म्हणाला. "चाकाचा स्क्रू ढिला झालाय."

त्याने गळ्यातलं घड्याळ थांबवलं, गुडघ्यावर बसला, खिशातून पाना काढला आणि चाक आडवं केलं. "नियम बारा," तो मला म्हणाला, जणू मी विचारलं होतं. "यंत्र नादुरुस्त झाल्यास मोजणी थांबवावी. दुरुस्ती होईपर्यंत चालणाऱ्या व्यक्तीने विश्रांती घेण्यास हरकत नाही."

जवळ बाक नव्हतं. मावशी वाटेकडेच्या एका मोठ्या मुळावर टेकली आणि तळ्याकडे बघत राहिली. मामा स्क्रू पिळत होता. उजवीकडे तीन फेरे, मग डावीकडे तीन फेरे. मी जवळून पाहिलं. स्क्रू घट्ट होता. त्या चाकाचा स्क्रू ढिला असणं शक्यच नव्हतं. जो माणूस अर्ध्या मीटरसाठी स्वतःविरुद्ध अर्ज करतो, तो सकाळी स्क्रू तपासल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि खोटं दुरुस्त करायची तर मुळीच नव्हती.

तीन मिनिटं झाली असतील. मावशीचे खांदे हळूहळू खाली आले. मग ती म्हणाली, मला नाही, सरळ त्याला, "लहानपणापासून सांगतेय, स्क्रू ढिला आहे तो चाकाचा नाही."

मामाने वर पाहिलं. पाना त्याच्या हातातून पडला.

"उचल तो," मावशी म्हणाली. "आणि संत्र्याच्या फोडी खाऊन टाक. मघापासून मुठीत धरून बसलायस, रस गळतोय गणवेशावर."

"ताई, मला सांगायलाच हवं होतं गं दादाला. तू अशी मातीत बसलेली आणि मी..."

"मला विचारून सांगायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. मग सांगायचं होतंस." तिने हात पुढे केला. त्याने तिला उठवलं. "उद्या डॉक्टरकडे जाते. पण तू घेऊन जायचंस. दादा नको, तो रिक्षात भाषण देतो."

मामाने चाक उभं केलं, घड्याळ चालू केलं. टक. टक. पांढऱ्या दगडापाशी त्याने पत्रक उघडलं आणि आधी तिच्याकडे बघितलं. तिने मान डोलावली.

"तिसरा प्रश्न. आपण इथपर्यंत कशा आलात?"

मावशीने पदर सारखा केला. तळ्यापलीकडे फाटकाशी पहारेकरी ठिपक्याएवढा दिसत होता. चालता चालता तिने मान वर केली आणि स्थानकाचा आवाज काढला.

"मी फलाट क्रमांक पाचवरून सुटणाऱ्या सात नंबरच्या गाडीने जुना पूल, दवाखाना, शाळा, कापड गिरणी, बाजार, न्यायालय, पाण्याची टाकी..."

इथे तिने श्वास घेतला. एकच, आणि लहान. चौतीस वर्षांत त्या जागी तिने कधी घेतला नव्हता. मामाला ते ठाऊक होतं, मला ठाऊक होतं.

"...साबण कारखाना, वखार, रेल्वे फाटक अशी आले आहे, शेवटचा थांबा राष्ट्रीय उद्यान."

शेवटचा 'न' तिने लांबवला. खोडावरचं एक कासव पाण्यात घसरलं. पलीकडून पहारेकऱ्याने टोपी हलवली.

मामाने लिहिलं: 'उत्तर पूर्ण वाक्यात. संभाषण सहज.' खोट्या स्क्रूचं काय करावं, हे त्याला कळेना. शेवटी चढाच्या रकान्यात त्याने आणखी एक नोंद घातली, आणि मी साक्षीदार म्हणून तिच्याखाली सही केली. 'या ठिकाणी यंत्र दुरुस्तीसाठी तीन मिनिटे थांबावे लागले. असे पुन्हाही होणे संभवते. तरी दुरुस्तीच्या सोयीसाठी येथे एक बाक असावे. बाक बसवल्यानंतर वाट सोपी.'

साहेबांनी ते वाचलं आणि विचारलं, "दुरुस्तीला किती लांबीचं बाक लागतं?"

"दोन माणसांचं," मामा म्हणाला.

बाक बसेपर्यंत दोन आठवडे मामा दुपारची सुट्टी पुढे-मागे करून रोज तीनला फाटकाशी उभा असायचा. डॉक्टरांनी रक्त कमी असल्याचं सांगून गोळ्या दिल्या, आणि चालणं बंद करू नका म्हणून वर बजावलं. मावशीने ती चिठ्ठी फ्रिजवर, बरोबर दादाच्या नकाशावर लावली.

बाकाच्या पाठीवर सुताराने मंजुरीच्या कागदात होतं तेच रंगवलं: 'यंत्र दुरुस्तीसाठी'. मामाला ते पुसवायचं होतं. मावशीने पुसू दिलं नाही. तिचं म्हणणं, बाक दोन बोटं बुटकं झालंय, पण मजकूर चांगला आहे.

परवा मी तिच्यासोबत गेले होते. आम्ही चढावर टेकलो होतो. एक वयस्कर बाई धापा टाकत वर आल्या, बाकाकडे आशेने आल्या आणि पाठीवरची अक्षरं वाचून संकोचाने उभ्या राहिल्या.

मावशी बाजूला सरकली. "काय बिघडलंय?"

"गुडघा हो," बाई म्हणाल्या.

"मग बरोबर जागी आलात. बसा," मावशी म्हणाली आणि पिशवीतून संत्रं काढलं.